फोटोखालचं नाव

मंगळवार, ३ ऑक्टोबर

बाबा दाढी करत होते तेव्हा मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. एका गालाला फेस तसाच ठेवून बाबा पंधरा मिनिटं उभे. "हो साहेब, होय साहेब." फेस वाळून त्याचे पोपडे झाले तरी चालूच.

मंडळ म्हणजे जुनी नाणी जमवणाऱ्यांचं. टाकसाळीतच चुकलेल्या नाण्यांचं ते एक पुस्तक छापतायत. त्यात बाबांची 'कोर' घेणार आणि फोटोखाली बाबांचं नाव येणार. एकतीस तारखेपर्यंत चांगला फोटो द्यायचा.

बाबांनी अठ्ठावीस वर्षं बसवर कंडक्टरकी केली. बॅगेत एखादं वेडंवाकडं नाणं आलं की स्वतःच्या खिशातलं चांगलं नाणं बॅगेत टाकायचे आणि ते वेडं नाणं घरी आणायचे. कोर त्यातलीच. तांब्याचं नाणं, छाप बसताना चकती सरकली, म्हणून एका कडेला चंद्राच्या कोरीएवढी जागा कोरी राहिलेली. वापरून, हाताळून काळंकुट्ट झालेलं. बाबांना आता भिंग लावूनही नीट दिसत नाही, तरी रोज संध्याकाळी डबा उघडून ते नाणं बोटांत फिरवत बसतात.

"तो मोबाईल तुला कशाला घेऊन दिलाय? काढ की फोटो," बाबा म्हणाले.

म्हटलं, दोन मिनिटांचं काम. बारा फोटो काढले. बाराही फोटोंत नाण्याच्या मधोमध माझ्याच मोबाईलची काळी सावली. ताईने बघितले. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, तिला सगळ्यात खोट काढायची सवय आहे. म्हणाली, "छान. खाली लिहा, शर्टाचं बटण, मालक बेपत्ता."

कॉलेज सोडल्यापासून ह्या घरात माझी किंमत बटणाएवढीच आहे. मी कॉपी केली नव्हती. नव्हती म्हणजे नव्हती. आणि केली नसताना जर्नल सरांच्या तोंडावर भिरकावलं तर चुकलं काय माझं? आई मावशीच्या आजारपणात तिच्याकडे राहायला गेलीय, नाहीतर ती तरी माझ्या बाजूने बोलली असती.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

पुस्तकांच्या चळतीवर मोबाईल ठेवून, टेबलाचा दिवा तिरका करून फोटो काढले. नाणं पिवळं आलं. खिडकीपाशी नेलं तर निळं. टायमर लावला तर खालून ट्रक गेला आणि टेबल हललं. त्यातला बरा फोटो सेक्रेटरींना पाठवला. फोन आला, नेमका मी उचलला.

"अहो, हा फोटो आहे की एक्स-रे?"

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "एवढं कळतंय तर तुम्हीच या ना कॅमेरा घेऊन." आणि ठेवून दिला.

बाबा ओरडले नाहीत. शर्ट घातला, फोन घेऊन गॅलरीत गेले, दार लावून घेतलं. काचेतून दिसत होतं, ते मान हलवून हलवून माफी मागत होते. फोनवर मान कोणाला दिसते?

मग मला म्हणाले, "मागच्या गल्लीतल्या स्टुडिओत ती मुलगी आहे ना, पासपोर्टचे फोटो काढते ती, तिला विचार." ते सांगायच्या आधीच मी चप्पल घातली होती. कॉलेजला जाताना दोन वर्षं मी मुद्दाम त्या गल्लीने वळसा घालून जायचो. कारण तिला कधी कळलं नसेल.

रविवार, ८ ऑक्टोबर

ती आली! आमच्या घरी! सकाळी अकरा वाजता, मालकाचा जुना कॅमेरा आणि जवळचे फोटो काढायची लेन्स पिशवीत घालून. मी आधी टेबल पुसलं, मग पंखा पुसला, मग ताईने विचारलं, "स्वतःला कधी पुसणारेस?"

तिने पहिलं काम काय केलं तर माझ्या हातातून नाणं काढून घेतलं.

"चपट्या बाजूला बोट लावू नकोस. कडेने धरायचं. अस्सं."

मी पुन्हा लावलं. ती पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदा माझ्या मनगटाला धरून बोटं नीट बसवली. ते मनगट मी अजून धुतलेलं नाही.

"नाणं आरशासारखं असतं," ती म्हणाली. "आरशाचा फोटो काढायला गेलास की काय येतं? तुझंच थोबाड. म्हणून आधी स्वतःला बाजूला करायचं."

खोडरबरावर नाणं ठेवलं, म्हणजे मागचा कागद धूसर होतो. दोन दिवे, घड्याळात दहा आणि दोन वाजतात त्या जागी, आणि दोन्हींपुढे पांढरा पातळ कागद, म्हणजे उजेड मऊ होतो. कॅमेरा बरोबर वरून. ती वाकून नाणं सरळ करत होती आणि मी चुकून बटण दाबलं. फोटोत नाणं गेलं उडत, पण त्याच्या कोऱ्या भागात तिच्या केसांतल्या पिनेची चमक आलीय. तो फोटो मी पुसलेला नाही.

जाताना तिने बाबांना विचारलं, "काका, ह्यातले फोटो मी माझ्याकडे ठेवले तर चालतील का? मला पुढे कामाला दाखवायला लागतील."

"ठेव की पोरी, त्यात विचारायचं काय."

विचारत होती बाबांना, पण बघत होती माझ्याकडे. मला दाखवायला लागतील म्हणाली, पण कोणाला दाखवायला ते नाही बोलली. तिच्या आईला असेल.

सोमवार, ९ ऑक्टोबर

आज काचेची युक्ती. कॅमेरा आणि नाणं ह्यांच्या मधे काच तिरकी धरायची. बाजूच्या दिव्याचा उजेड काचेवर पडून सरळ खाली नाण्यावर उतरतो. फोटो फ्रेमची काच काढली (आजोबांची. आजोबा सध्या बिनकाचेचे भिंतीवर आहेत). मी पाऊण तास काच धरून उभा. खांदे गळून पडले, पण हललो नाही. ती एकदा म्हणाली, "हात स्थिर आहे तुझा." एवढंच. पण कुठल्या सुरात म्हणाली ते वहीत लिहिता येत नाही.

फोटो तिने मोठ्या स्क्रीनवर लावला. बाबा खुर्ची ओढून इतके जवळ बसले की नाक टेकायचं बाकी.

"ही रेघ," ते म्हणाले. "ही मला अंगठ्याला लागते रोज. कशी दिसते ते आज कळलं."

मला मात्र फोटो तितका आवडला नाही. सगळं काळपट. म्हटलं, जरा चमक आण ना.

"नाणंच काळं आहे," ती म्हणाली. "काळंच दिसायला पाहिजे."

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

ती जिन्यात भेटली. सेक्रेटरींना फोटो पाठवायचा आहे, कोणाच्या नावाने पाठवू, म्हणाली. फॉर्मवर फोटो काढणाऱ्याचं नाव लिहावं लागतं.

मी म्हटलं, "त्या एक्स-रेवाल्या म्हाताऱ्याशी मला काही घेणं नाही. तूच पाठव, तुझ्या नावाने पाठव, मला काय करायचंय."

"नक्की? काच तू धरली होतीस. मी दोन्ही नावं घालू शकते."

"नाव घाल चुलीत. सांगितलं ना!"

ती म्हणाली, बरं. मी रागावलो की ती अशी शांत होते. समजून घेते मला. दुसऱ्या कोणाला हे जमलेलं नाही.

शनिवार, १४ ऑक्टोबर

मला कल्पना सुचली आणि मी ती तडीस नेली! कॉलेजवाल्यांनी दोन वर्षांत माझ्या डोक्यात हे कधी येऊ दिलं नसतं.

बाबा बँकेत गेले होते, ताई लॅबमध्ये. टूथपावडर, जुना ब्रश, थोडं पाणी. दहा मिनिटांत काळं सगळं निघालं. खालून नवंकोरं तांबं, गुलाबी, वितळतंय की काय असं. वीस वर्षांचा मळ! बाबांना कोणी सांगितलं नाही म्हणून ते असंच जपत बसले. मग दिवे लावले, काच पुस्तकांना टेकवली आणि एकट्याने फोटो काढला. धगधगता. सोमवारचा तिचा फोटो ह्याच्यापुढे श्राद्धाचा वाटेल.

बाबांच्या फोनवरून सेक्रेटरींना पाठवूनही दिला. आता तिला दाखवीन तेव्हा तिचा चेहरा बघायचा.

संध्याकाळी बाबांनी डबा मागितला. मी सांगणारच होतो, पण म्हटलं पुस्तकातच बघू देत, मोठा आनंद होईल. त्यांनी कोर काढली, अंगठा फिरवला. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फिरवला. नाणं नाकाशी नेलं. डब्यात ठेवलं, डबा बंद केला. जेवायला उठले नाहीत. बँकेत रांगेत उभं राहून ऊन लागलं असणार.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

तिला फोटो दाखवला. गिऱ्हाईक नव्हतं. ती बघत राहिली. मी मनात वीसपर्यंत मोजलं.

"हे कशाने केलंस?"

"लाइटने. सेटिंग बदललं."

"खरं सांग."

"म्हणजे काय! जमत नाही का मला?"

तिने फोटो मोठा केला, कोऱ्या भागात बारीक बारीक ओरखडे होते तिथे बोट नेलं. मग मोबाईल माझ्या हातात दिला. "मला पाच जणांचे फोटो कापायचेत," म्हणाली आणि कात्री घेतली.

भारावली असेल, किंवा थोडी जळली असेल. शिकवणाऱ्याला शिष्य पुढे गेलेला झेपत नाही, हे मी कॉलेजात पाहिलंय.

रविवार, २२ ऑक्टोबर

पाच दिवस आली नाही. फोन केला तर "कामात आहे." बाबांनीही आठवडाभर डबा मागितला नाही. ताईला विचारलं, मुली अचानक गप्प का होतात?

"कधी कधी बोलण्यासारखं काही नसतं म्हणून," ताई म्हणाली. "आणि कधी कधी समोरचा ऐकणारा नसतो म्हणून. तुझ्याबाबतीत दोन्ही."

गुरुवार, २६ ऑक्टोबर

फसवलं. मला फसवलं!

मंडळाचं पत्र आलं, बाबांच्या नावाने. बाबांना दिसत नाही म्हणून मीच वाचून दाखवत होतो. 'आपल्या नाण्याचे छायाचित्र पाहून समितीने पुस्तकातील सर्व नाण्यांच्या छायाचित्रणाचे काम सदर कुमारींकडे सोपवले आहे.' खाली तिचं नाव. सगळ्या नाण्यांचं! तिचं एकटीचं! काच मी धरली, खांदे माझे गेले, घर आमचं, नाणं आमचं, आजोबांची काच आमची, आणि काम मिळालं तिला. माझं नाव शोधायला पत्र उलटंसुद्धा केलं. कोरं.

तसाच पळत स्टुडिओत गेलो. ती एका काकांची कॉलर सरळ करत होती. पासपोर्टचे काका. मी त्यांच्यासमोरच सुरू झालो.

"ह्यासाठी येत होतीस? माझ्याशी गोड गोड बोलायचं, शिकवायचं नाटक करायचं, आणि फोटो आपल्या नावावर खपवायचे?"

"गोड?" ती म्हणाली. "मी तुला तीन वेळा बोट लावू नकोस म्हणून ओरडले. ह्यात गोड काय होतं?"

"माझं नाव का नाही घातलंस?"

"विचारलं होतं जिन्यात. तूच म्हणालास, 'तुझ्या नावाने पाठव.'"

"मी असं म्हटलंच नाही!"

पासपोर्टचे काका म्हणाले, "मान सरळच ठेवू का?" ती म्हणाली, "ठेवा." मला म्हणाली, "काय हवंय तुला?"

"आमच्या नाण्याचा फोटो परत घे. आत्ता. मी माझा पाठवलाय, तोच छापतील."

तिचा चेहरा क्षणभर कसासाच झाला. वाटलं, आता माफी मागेल. पण म्हणाली, "तुझा फोटो नाही छापणार ते. ऐक माझं."

"परत घेतेस की नाही?"

"घेते. तुमचं नाणं, तुमचं घर."

जिंकलो मी. घरी येऊन उशी भिंतीवर मारली, ती आजोबांना लागली. दोन वर्षं ज्या गल्लीने वळसा घातला तिथे आता पाऊल टाकणार नाही. नाव मुद्दामच लिहीत नाही वहीत. पानावरसुद्धा नको.

शनिवार, २८ ऑक्टोबर

दुपारी सेक्रेटरींचा फोन. बाबांनी गॅलरीत न जाता माझ्यासमोरच घेतला. आवाज मोठा ठेवतात, मला सगळं ऐकू येत होतं.

"तुमच्या नाण्याचे दोन फोटो आले. काळा त्या मुलीने काल परत घेतला. राहिला हा लालभडक. हे घासलेलं आहे. घासलेलं नाणं मंडळ छापत नाही, तुम्हाला मी सांगायला हवं का? तीस वर्षं ह्यात आहात तुम्ही. वरचा तो काळा थर म्हणजेच नाण्याचं वय. ते गेलं की राहिलं काय? कोणी केलं हे?"

"मीच घासलं साहेब," बाबा म्हणाले.

"तुम्ही?"

"वय झालं. हात शिवशिवले. चुकलं माझं."

मग सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." साहेब-बिहेब काही नाही. ठेवला फोन.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी. अंगठ्याला ते नाणं लागलंच नाही, दुसरंच कोणतरी लागलं. टूथपावडर होती ना? वास येत होता."

"मग ओरडला का नाहीत?"

"ओरडलो असतो तर परत काळं झालं असतं का ते?"

"आणि तुमचं नाव का सांगितलंत?"

"मला मंडळात तीस वर्षं ओळखतात. एक चूक खपेल. तुला कोण ओळखतं? तुझी ओळख इथून सुरू व्हायला नको."

एवढं बोलून ते आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून.

हेसुद्धा फसवणंच आहे. चौदा दिवस मनात ठेवलं त्यांनी. चौदा दिवस मला फुशारकी मारू दिली, स्टुडिओत जाऊन तमाशा करू दिला. सांगितलं असतं तर मी तिला... तिला काय? ती सांगत होती तेव्हा तरी कुठे ऐकलं. बसून राहिलो. मग ही वही मागे उलटली. तेरा तारीख वाचली. अक्षर माझंच आहे.

सोमवार, ३० ऑक्टोबर

काल दिवसभर जायचं जायचं म्हणत गेलो नाही. आज गेलो. तिने मला बघून कात्री खाली ठेवली, त्यावरून कळलं की मी कसा दिसत असेन.

"तो काळा फोटो आहे अजून तुझ्याकडे?"

"आहे."

"पाठव परत. तुझ्याच नावाने."

"नुसता नाही पाठवता येणार," ती म्हणाली. "नाणं आता तसं राहिलेलं नाही. फोटोनंतर घासलं गेलं, हे लिहून द्यायला लागेल. कधी, कशाने, कोणी. नाहीतर मी पुस्तकात खोटं छापल्यासारखं होईल."

"बाबांनी सांगितलंय, त्यांनी घासलं म्हणून."

"काकांनी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "आणि तू सांगू दिलंस?"

तिने पासपोर्टच्या फोटोंची पाकिटं बाजूला सारून जागा केली, कागद पेन दिलं. मी लिहिलं. चौदा ऑक्टोबर, टूथपावडर, ब्रश, मालकाला न विचारता, मी. सही केली. तिने वाचलं, एक अक्षर बदललं नाही, घडी घालून पाकिटात टाकलं.

"एवढं घासलंस कशासाठी?"

"तुला आवडेल म्हणून."

"मला पहिलाच आवडला होता," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगितलं होतं."

मग मी विचारलं ते विचारायला नको होतं. म्हटलं, "तुझ्या मनात माझ्याबद्दल कधी काही...?"

"नाही रे," ती म्हणाली. हळू म्हणाली, पण विचार करायला जराही थांबली नाही. थोडी थांबली असती तरी चाललं असतं मला.

तिच्यावरचा माझा राग अजून आहे. फोटोवर नाव तिचं, तेही माझ्या परवानगीने, हे माहीत असूनही आहे. दोन नावं घालायला ती तयार होती, हे आठवलं की तो दुप्पट होतो आणि कोणावर काढायचा ते कळत नाही.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

सेक्रेटरींचा फोन सकाळीच आला. बाबा खुर्चीत नीट बसले, मग उचलला. मी शेजारी उभा राहिलो. पळून जायचा विचार आला, पण राहिलो.

"कोर घेतोय आम्ही," सेक्रेटरी म्हणाले. "आता तिचं मूळ रूप ह्या एका फोटोतच उरलंय, तेव्हा घ्यायलाच हवी. पण खाली टीप जाईल, नंतर कधी आणि कोणी घासलं त्याची. आणि मला एक कळत नाही. तुम्ही म्हणालात तुम्ही घासलं. माझ्यासमोर तुमच्या मुलाने लिहून दिलेला कागद आहे, तो म्हणतो मी. छापायचं कोणाचं?"

बाबांनी फोन कानापासून दूर धरला. माझ्याकडे बघितलं. त्यांना माझा चेहरा किती दिसतो कोण जाणे. मी म्हटलं, "माझं. खरं तेच आहे."

बाबांनी फोन कानाला लावला.

"मुलगा सांगतोय ते बरोबर आहे साहेब. शनिवारी मी खोटं बोललो, माफ करा."

"मग नाव सांगा त्याचं. पूर्ण. पुस्तकात जायचंय."

बाबांनी घसा साफ केला. बसमध्ये थांबा पुकारायचे तसं, खणखणीत, एकेक शब्द सुटा करून त्यांनी माझं पूर्ण नाव सांगितलं. आधी माझं, शेवटी आडनाव. आणि मधे त्यांचं स्वतःचं. तिथे त्यांचा आवाज जराही खाली गेला नाही.